रक्ताचे नाते आणि विश्वासाची अमानत

खडकवासल्याच्या जलाशयाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी आहे. 6 ऑक्टोबर 1949 रोजी पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसविली, तेव्हा फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. सैन्य विभागले गेले होते आणि घरेही. रामपूर घराण्यातील साहबजादा याकूब खान पाकिस्तानी सैन्यात गेले व पुढे त्या देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. त्यांचे बंधू साहबजादा यूनुस खान भारतीय सैन्यातच राहिले.

आजही सरकारी सेवेत प्रवेश करताना साक्षांकन अर्ज भरावा लागतो. आई-वडील, पती वा पत्नी, भावंडे यांचे राष्ट्रीयत्व, जन्मस्थान व पत्ता त्यात विचारला जातो. कोकणातील कित्येक मुस्लिम घराण्यांची एक फांदी कराचीत, दुसरी आखातात आहे. अशा घरातील तरुणाची लेखणी त्या रकान्यापाशी थबकते. खरे लिहिले तर नोकरी जाईल का? आणि हा प्रश्न विचारणेच अन्याय नव्हे का?

याचे उत्तर ह. हातिब बिन अबी बल्तआ (रजि.) यांच्या प्रसंगात सापडते. ते बद्रच्या युद्धात लढलेले सहाबी होते. हिजरी सन 8 मध्ये मक्केवरील मोहिमेची तयारी सुरू असता त्यांनी कुरैशांना गुप्तपणे पत्र धाडले. पत्र वाटेतच हस्तगत झाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रथम कारण विचारले. हातिब (रजि.) यांनी खरे सांगितले: श्रद्धा ढळलेली नाही, मक्केत कुटुंबाला कोणी वाली नाही, कुरैशांवर उपकार केला तर ते सुरक्षित राहील, एवढाच हेतू होता. ह. उमर (रजि.) यांनी मृत्युदंडाची परवानगी मागितली. प्रेषितांनी (स.) हातिब यांचे सत्यकथन मान्य केले, त्यांच्या बद्रच्या सेवेचे स्मरण दिले व त्यांना क्षमा केली. सूरह मुम्तहिनाच्या प्रारंभी मात्र त्या कृत्याबद्दल कठोर ताकीद आली.

येथे दोन गोष्टी ध्यानी घ्या. दूरच्या आप्तांची काळजी निष्ठावंतालाही डळमळीत करू शकते; म्हणून राज्याने नातेसंबंधांची चौकशी करणे निराधार नाही. परंतु दोष पत्राचा होता, नात्याचा नव्हे. मक्केत आप्त असणे हाच अपराध मानला असता, तर मदीनेतील बहुतेक मुहाजिर अविश्वासू ठरले असते.

म्हणून निर्णय घेणाऱ्याने आधी विचारावे, ऐकावे आणि माणसाची कृती तोलावी. एकाचे ओझे दुसऱ्यावर न लादणे ही कुरआनची शिकवण आहे. आपल्या संविधानाचे 16 वे कलमही सरकारी नोकरीत केवळ वंश वा जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते.

आणि अर्जदाराने रकाना खरा भरावा. नोकरीसाठी नाते तोडणे इस्लामला मान्य नाही. नाते लपविणे ही तर अमानतीतील खयानत आहे. अवतार सिंग खटल्यात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रकरणांविषयीची माहिती खरीच दिली पाहिजे, असे बजावले; त्याचबरोबर माहिती दडविल्याचे आढळले तरी परिस्थिती विचारात घेऊनच निर्णय व्हावा, असेही सांगितले.

सत्य लिहूनही नकार मिळाला, तर दाद मागण्याचा मार्ग खुला आहे, आणि तेथे आपण स्वच्छ हातांनी उभे राहू शकतो. खोटे लिहून मिळविलेल्या पदावरचा माणूस मात्र आपल्याच भावाच्या पत्राला भीत जगतो. सूरह निसाने स्वतःच्या वा आप्तांच्या विरोधातही सत्याची साक्ष देण्यास सांगितले आहे. आपल्या मुलांना अर्ज भरण्यास बसविताना ही आज्ञा त्यांना अवश्य समजावून सांगा.