गेलेल्याचा पैसा

गणिताच्या पुस्तकात मरणारा गृहस्थ मोठा समजूतदार असतो. मरण्यापूर्वी तो आपल्या संपत्तीचा निम्मा हिस्सा पत्नीला देतो, उरलेल्याचा एक तृतीयांश मुलीला देतो, राहिलेली रक्कम दोन मुलांत सारखी वाटतो आणि बाकी शून्य ठेवून जातो. अपूर्णांक शिकताना मुलांना त्याच्या मरणाचे काही वाटत नाही. उत्तर मागच्या पानावर छापलेले असते. अशी उदाहरणे वर्षानुवर्षे फळ्यावर सोडवून घेतल्यावर मला एका गोष्टीचे नवल वाटू लागले आहे. कोणाला किती दिले हे त्या उदाहरणात असते. ते आधी कोणाच्या हाती पडले हे कधीच नसते. जणू प्रत्येकाचा हिस्सा आपल्या पायांनी चालत ज्याच्या त्याच्या घरी जातो!

प्रत्यक्षात पैसा कोणाच्या तरी एकाच्या हाती पडतो, आणि माणसाच्या प्रामाणिकपणाची खरी परीक्षा तिथून सुरू होते.

बँकेत खाते उघडताना एक रकाना भरून घेतात. त्याला नामनिर्देशन म्हणतात. बोलताना सगळेच नॉमिनी म्हणतात. आमच्या भागात तर ‘वारस लावला’ असेच म्हणण्याची रीत आहे, आणि सगळा घोटाळा या दोन शब्दांत आहे. वारस लावता येत नाही. वारस असतो. आपण त्या रकान्यात जे नाव लिहितो ते एवढेच सांगते, की मी गेल्यावर बँकेने रक्कम कोणाच्या स्वाधीन करावी. ती दिली की बँक मोकळी होते. घेणारा मात्र मोकळा होत नाही. तो गेलेल्याच्या वारसांच्या वतीने ती रक्कम सांभाळणारा विश्वस्त असतो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ साली आयुर्विम्याच्या एका खटल्यात सांगितले, २०१० साली बँकेतल्या ठेवींबद्दल सांगितले, आणि २०२३ साली शेअर्सबद्दल पुन्हा सांगितले. (विम्यापुरता कायदा २०१५ साली बदलला, आईवडील, पती-पत्नी वा मुले यांचे नाव असेल तर तिथे आता ती रक्कम त्यांचीच होते.) चाळीस वर्षे न्यायालय एकच गोष्ट सांगत आहे, आणि चाळीस वर्षे घराघरात ‘नाव माझे आहे, म्हणजे पैसा माझा आहे’ असेच समजले जात आहे.

पण त्या आधीचे काही दिवस असतात, त्यांच्याविषयी थोडे बोलले पाहिजे. माणूस जातो तेव्हा घरात रोख रक्कम फारशी नसते. रुग्णालयाचे बिल असते, दहाव्याची तयारी असते, येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा असतो. कपाटात त्याचे एटीएमचे कार्ड असते, आणि त्याचा चार आकडी क्रमांक घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. मग कोणीतरी समंजस माणूस म्हणतो, ‘बँकेला कळवण्याआधी काढून घ्या. त्याचाच पैसा, त्याच्याच कार्याला.’ हा युक्तिवाद ऐकायला इतका सरळ आहे, की त्यात खोट कुठे आहे ते चटकन सापडत नाही. पैसा त्याचाच, हे खरे. कार्य त्याचेच, हेही खरे. खोटे आहे ते एवढेच, की त्या यंत्रापुढे आपण त्याला जिवंत म्हणून उभे करतो. माणसाने दुसऱ्याला दिलेली मुखत्यारी त्याच्या मरणाबरोबर संपते, हे १८७२ च्या करार कायद्यात आहे. कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. गेलेल्याच्या फोनवर संदेश येतो, ‘आपल्या खात्यातून दहा हजार रुपये काढण्यात आले,’ आणि ज्याला तो उद्देशून लिहिला आहे तो वाचणार नसतो.

याला चोरी म्हणण्याइतका मी कठोर नाही. हाताशी दुसरा पैसा नसलेल्या बाईने तिसऱ्या दिवशी तसे केले, तर तिला दोष देणाऱ्याने आधी स्वतःचा खिसा उघडावा. पण पासबुकावर तारीख छापली जाते. सहा महिन्यांनी दुसरा वारस ते पान उघडतो, मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख शेजारी ठेवतो, आणि दहा हजारांच्या त्या नोंदीवरून दोन घरांचे बोलणे बंद होते. खर्चाचा तपशील तोवर कोणाला आठवत नसतो. म्हणून मला वाटते, त्या दिवसांत लागणारा पैसा आपल्या नावावर उसना घ्यावा आणि वहीत मांडावा. आणि नवराबायकोने तर जिवंतपणीच ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ अशा पद्धतीचे एक खाते उघडून ठेवावे. त्या खात्यातून मागे राहिलेल्याला खोटे न बोलता पैसे काढता येतात.

आता ज्या घरामुळे मी हे लिहायला बसलो त्याची हकिगत सांगतो. नावे सांगत नाही, गावही सांगत नाही. एका साखर कारखान्यातला कारकून १९८९ साली नोकरीला लागला तेव्हा अविवाहित होता. पगाराचे खाते उघडताना त्याने नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचे नाव लिहिले. पुढे लग्न झाले, मुलगी झाली, तिचे लग्न झाले. खात्यातून ठेवी झाल्या, ठेवी वाढल्या. ते नाव मात्र तसेच पुढे चालत राहिले. २०२४ साली तो अचानक गेला. मागे पत्नी, मुलगी आणि एकोणऐंशी वर्षांची आई. भावाने कागद दिले. ते पुरे असले तर बँकेने १५ दिवसांत रक्कम द्यावी असा दंडक आहे, आणि बँकेने तो पाळला. नऊ लाख साठ हजार रुपये भावाच्या खात्यात जमा झाले.

हा भाऊ चोर नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. पहिल्या महिन्यात तो वहिनीला म्हणाला, ‘वहिनी, तुमचे पैसे माझ्याकडे सुरक्षित आहेत.’ चौथ्या महिन्यात म्हणाला, ‘पैसे आहेत माझ्याकडे, काळजी करू नका.’ आठव्या महिन्यात वहिनीने विचारले तेव्हा म्हणाला, ‘लागतील तसे मी देतोच आहे ना?’ या तीन वाक्यांत ‘तुमचे’ हा शब्द कुठे गळून पडला ते त्याचे त्यालाही कळले नसावे. पैसा मोठा निमूट असतो. ज्याच्या खात्यात राहतो त्याच्या घरच्यासारखा वागू लागतो. रोज सकाळी आपल्या नावापुढे दिसणारा आकडा आपला नाही, हे आठ महिने रोज स्वतःला सांगणे याला जी निष्ठा लागते ती फारच थोड्यांजवळ असते. सभेत विश्वस्तपणावर बोलणाऱ्यांजवळ तर क्वचितच!

मग हिशेब निघाला. भाऊ म्हणाला, ‘घर बांधताना दादाने माझ्याकडून दीड लाख घेतले होते. ते वळते करून घेतो.’ कागद नव्हता. वहिनीला ठाऊक नव्हते. माझा असा समज आहे, की त्याने खरेच घेतले असावेत. दोघे भाऊ एकमेकांकडून लिहून घेणाऱ्यांपैकी नव्हते. तोंडी दिले म्हणून देणे खोटे ठरत नाही. ज्याने मृताची संपत्ती घेतली त्याने त्याचे ऋणही फेडावे, हा दंडक याज्ञवल्क्य स्मृतीइतका जुना आहे; त्याच स्मृतीवर आपल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे पुण्यकर्तव्य, म्हणून सावकाराला केवळ त्या आधाराने मुलावर दावा लावता येत असे. तो आधार नव्या कर्जांपुरता २००५ साली कायद्याने काढून टाकला. मात्र गेलेल्याच्या मागे राहिलेल्या पैशातून त्याचे देणे आधी फिटावे, हे आजही खरेच आहे. म्हणजे भावाची मागणी गैर नव्हती. गैर होते ते दुसरेच. रक्कम सांभाळणारा तो, धनको तो, आणि निवाडा देणाराही तोच. एकच माणूस तिन्ही आसनांवर बसला, की त्याचे खरे बोलणेही खरे वाटेनासे होते. त्याने आधी सगळी रक्कम वहिनीपुढे ठेवायला हवी होती आणि मग दीड लाख मागायला हवे होते. आकडा तोच राहिला असता. दोघांमधले नाते मात्र वेगळे राहिले असते.

शेवटी नातेवाईक बसले आणि भावाने सगळे पैसे आणून दिले, दीड लाखांसकट. आणि तेव्हा दुसराच प्रश्न उभा राहिला. वहिनी समजत होती, की भाऊजींकडून सुटले म्हणजे पैसे आपले झाले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली यांच्याबरोबर आईही आहे, आणि तिचा हिस्सा इतरांइतकाच आहे. (बाप मात्र दुसऱ्या वर्गात. हे वाचून पुष्कळ बाप चकित होतात.) भाऊ तर त्या यादीत नव्हताच. नऊ लाख साठ हजारांचे तीन समान भाग. पुस्तकातल्यासारखा निःशेष भागाकार. आठ महिने जी बाई दिराला ‘दुसऱ्याचे धरून बसलात’ म्हणत होती, तिच्या हातात आता सासूचे तीन लाख वीस हजार होते. तिने दोन रात्री विचार केला असे ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी सासूला घेऊन ती बँकेत गेली.

या घरात निदान पैसा कुठे आहे ते ठाऊक होते. कित्येक घरांत तेही नसते. आपण धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पैशांची पूजा करतो, आणि त्याच संध्याकाळी दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा लावतो. धन आणि यम यांची गाठ आपल्या वाडवडिलांनी एका तिन्हीसांजेला घालून ठेवली, पण त्या दोघांना एका वाक्यात आणले की घरातले म्हणतात, ‘सणाच्या दिवशी अभद्र बोलू नका.’ बायकोला व्यवहारातले काय कळते, असे म्हणणारा नवरा बायकोला न कळवताच जातो. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. फेब्रुवारी २०२३ अखेर एकट्या सरकारी बँकांनी तिथे सुमारे ३५,००० कोटी रुपये भरले होते. ते बुडत नाहीत, वारसाला नंतरही मागता येतात, आणि शोधण्यासाठी २०२३ साली ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळही निघाले. परंतु ज्या बाईला खातेच ठाऊक नाही ती शोधायला कशी जाणार?

आणखी एक सही असते. नॉमिनी नसला की बँक बाकीच्या वारसांचे संमतीपत्र मागते, आणि बहिणी दिवाळीला माहेरी येतात म्हणून तो मुहूर्त बहुधा भाऊबीजेला साधला जातो. निरांजनाच्या उजेडात कागद वाचून सही करणारी बहीण मी अजून पाहिलेली नाही.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या एका ठेवीला चार नॉमिनी लावता येतात आणि कोणाला किती तेही लिहिता येते. सोय चांगली आहे. एकाऐवजी चार हात झाले. पण हातांनी घ्यायचे ते कोणाचे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या सासूचे बँकेतले ते पहिलेच खाते. तिथल्या मुलाने अर्ज भरता भरता विचारले, ‘आजी, वारस कोण लावायचा?’ आजींनी शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडे बोट केले. मग म्हणाल्या, ‘म्हणजे माझ्यामागं हे हिचंच ना?’ मागे रांग होती. मुलगा म्हणाला, ‘हो आजी, हिचंच.’

हे मला सुनेनेच सांगितले, आणि विचारले, ‘सर, खरंच तसं होतं का हो?’ होत नाही. आजींच्या मागे त्या पैशावर हक्क धाकट्या मुलाचा आणि नातीचा. सून त्यांची वारस नाही. तिचे नाव फक्त अर्जावर आहे. आजींच्या मनात सुनेला द्यायचे असेल तर त्यांनी मृत्युपत्र केले पाहिजे. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. आजींची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार पुरतात. मी तिला तसे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली.

‘पण हे आईंना मी कसं सांगू?’ ती म्हणाली. ‘मी सांगितलं तर मागितल्यासारखं होईल.’

भाऊबीजेला धाकटा मुलगा त्या घरी असतो. त्याच्या आधी एकदा आजींकडे जाऊन यायचे ठरवले आहे.