शेवटचा हात

एखादी वस्तू बिघडली म्हणजे तिच्यावर शेवटचा हात कोणाचा पडला हे आपण प्रथम विचारतो, आणि त्या हाताचा धनी सापडला की दोषाचा शोध संपला असे समजतो. घरात कपबशी फुटो की कचेरीत हिशेब चुको, न्यायाची ही रीत सर्वत्र सारखीच चालते. ती कितपत न्याय्य आहे, ह्याविषयी आम्हांस कधी शंका आली नव्हती. ती आली एका गंजलेल्या बोल्टामुळे.

आमची शेती शिरूर तालुक्यात आहे, आणि माल वाहण्यासाठी घरी एक जुनी पिकअप गाडी आहे. न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्याने कांद्याची खेप घेऊन आम्ही दौंडास निघालो असता इंजिनाजवळ फटफट आवाज होऊ लागला. धूर वाहून नेणारी नळी जेथे इंजिनाच्या हेडास मिळते, तेथील सांधा गेला होता. दौंडातील एका गॅरेजात ते काम एका विशीतल्या मुलाकडे आले. त्याने बोल्ट पाहिले आणि म्हणाला, ‘‘काका, जाम झालेत. आज तेल सोडून ठेवतो, सकाळी काढू.’’ आम्हांस माल पोचवण्याची घाई होती. ‘‘सकाळपर्यंत थांबायला सवड नाही, आत्ताच काढ,’’ असे आम्ही म्हणालो.

त्याने पान्यात पाइप घालून जोर लावला. बोल्ट किंचित हलला, आणि सुटला एकदाचा, असे आम्हांस वाटले. दुसऱ्याच क्षणी तो कटकन तुटून अर्धा आत राहिला. सुटणे आणि तुटणे ह्यांचा पहिला स्पर्श सारखाच असतो, हे आम्हांस त्या दिवशी कळले. आतला तुकडा भोक पाडून काढावा लागला. त्या खटाटोपाचा खर्च मालकाने मुलाच्या मजुरीतून कापला, आणि आम्ही गप्प उभे राहिलो.

गप्प राहण्याचे कारण आम्हांसच ठाऊक होते. चार वर्षांपूर्वी तोच सांधा आम्ही घरच्या अंगणात उघडला होता. तेव्हा नवे बोल्ट आणण्याचा कंटाळा केला, आणि जुनेच, आटे न घासता, कोरडेच आवळून टाकले. पाणी आणि हवेतील प्राणवायू ह्यांच्या योगाने लोखंडाचा गंज होतो, व तो मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. आट्यांच्या केसाएवढ्या फटीत तो पाचरीसारखा ठासून बसतो. त्यातून हा भाग प्रत्येक फेरीत तापतो आणि निवतो. म्हणजे बोल्ट तुटला त्या दिवशी खरा. तुटावयास लागला मात्र चार वर्षांपूर्वी, आमच्या हातून.

नैयायिक घटाची तीन कारणे सांगतात: कपाल हे समवायी, त्यांचा संयोग हे असमवायी आणि कुंभार इत्यादी निमित्त. घट होण्यास इतकी कारणे लागतात. पण तो फुटला की व्यवहारात एकच कारण उरते, ज्याच्या हातून फुटला तो! श्रेय वाटून घेण्यास आपण पुष्कळ असतो. दोषाच्या वेळी मात्र जो उशिरा आला तो एकटा सापडतो.

ह्यावर कोणी म्हणेल की, असे मागे मागे जाऊ लागल्यास कोणासच जबाबदार धरता येणार नाही. आक्षेप खोटा नाही. त्या मुलाने आमचे न ऐकता पाना खाली ठेवावयास हवा होता. तेल मुरू द्यावे, हलकेच ठोकावे, बेताने तापवावे, एकदम न पिळता थोडे आवळावे व थोडे सोडावे, ही रीत त्यास ठाऊक होती. त्याचा वाटा त्याला आहेच. परंतु वाटा म्हणजे सर्वस्व नव्हे. घाई आमची होती, हयगय आमची होती. त्याच्याकडे केवळ शेवटचा हात होता.

दौंड हे रेल्वेचे गाव. येथून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग 1878 साली सुरू झाला. रुळांच्या सांध्यावरील पट्ट्यांना उन्हाळ्यापूर्वी दरवर्षी वंगण द्यावे, असा रेल्वेचा नियम आहे. आज वंगण देणारा गँगमन पुढे तो बोल्ट उघडणाऱ्याचे तोंडही कदाचित पाहणार नाही. तरी त्याच्यासाठी तो आजच काम करून ठेवतो. ऋण फेडणे आपण नीतीत मोजतो. पण ज्याची ओळख नाही, जो अजून आलाच नाही, त्याच्या हाताचा भार आधीच हलका करणे, हीसुद्धा नीतीच नव्हे काय?

संध्याकाळी गाडी जोडताना त्या मुलाने नव्या बोल्टाच्या आट्यांना तांब्याची पूड घातलेले ग्रीस लावले. साधे तेथे जळून जाते. आम्ही विचारले, ‘‘हे कशाला?’’ तो म्हणाला, ‘‘पुढं कुणीतरी उघडेल की, काका.’’ ज्याची मजुरी आमच्यामुळे कापली गेली होती, त्याने हे सांगावे! मालकास बाजूला नेऊन आम्ही खरा प्रकार सांगितला आणि कापलेली रक्कम भरून दिली. मात्र सर्वांसमक्ष त्याच्यावर दोष ठेवला जात असता आम्ही जे बोललो नाही, त्याची भरपाई पैशांनी झाली, असे आम्हांस अजूनही वाटत नाही.