पंचावन्नाची रेघ

एम.ए. मराठीच्या उत्तरपत्रिकेवर परीक्षक जो आकडा घालतो, तो कोणासाठी असतो? प्रश्न किरकोळ वाटेल. पण आपल्या भागात त्याला धार आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेस, म्हणजे 'नेट'ला, बसावयाचे तर खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यास पदव्युत्तर पदवीला सामान्यतः 55 टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांस 50. खासबागेतल्या एखाद्या विणकराच्या घरातून, मागाच्या आवाजात अभ्यास करून एम.ए.पर्यंत पोहोचलेली मुलगी कल्पनेत आणावी. तिचे 54 भरतात. परीक्षकाने काय करावे?

एक गुण द्यावा, असे आपल्यापैकी बहुतेकांचे मन सांगेल. त्यामागे केवळ दया नाही. 1956 पासून या भागातील मराठी माणूस भाषेच्या प्रत्येक वर्गाकडे किल्ल्याच्या बुरुजासारखा पाहत आला आहे. पूर्वी धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ होते, 2010 पासून बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. विद्यापीठ बदलले तरी मराठीकडे विद्यार्थी किती वळतील ही काळजी तीच राहिली. हात आखडता घेतला तर पुढल्या वर्षी कोण येणार, ही धास्ती शिक्षकाला असते, आणि ती खोटी नाही.

तरीही हा एक गुण परीक्षकाच्या मालकीचा नसतो, असे मला वाटते. शिक्षकाने आपला वेळ द्यावा, पुस्तके द्यावीत, प्रसंगी शुल्क भरावे; ते सारे त्याचे स्वतःचे आहे. गुण ही मात्र साक्ष आहे. कोल्हापूर, पुणे वा दिल्ली येथील निवड समितीपुढे, त्या मुलीला कधीही न पाहिलेल्या माणसांसमोर, ती वाचली जाते. साक्ष सैल झाली की बेळगावचे गुणपत्रक पाहताच समोरचा मनातल्या मनात पाच गुण वजा करू लागतो, आणि ते पाच गुण खऱ्या अर्थाने 70 मिळविलेल्या मुलीचेही वजा होतात. तिने कोणाकडे दाद मागावी?

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 च्या सुमारास दहा अंकांची श्रेणीपद्धती सुचविली. तीत 'बी' म्हणजे सरासरीहून वरचा. पण 'बी' मिळालेल्या विद्यार्थ्याचा चेहरा पाहावा! अक्षरे नवी आली, लाज जुनीच राहिली. असो.

मात्र काटेकोरपणाचा कैवार घेणाऱ्यांचे मापही तपासले पाहिजे. पुष्कळदा ते साहित्याचे नसून पुणेरी प्रमाणभाषेचे असते. उत्तरात 'वाचायलोय' असे रूप आले, वाक्याच्या शेवटी एखादा 'की' घसरला, की लाल शाई वाहू लागते. हेच परीक्षक ग्रामीण कादंबरीतील बोलीवर तासभर रसाळ बोलतात. यावर कोणी म्हणेल की कादंबरीकार बोली जाणून निवडतो, विद्यार्थ्याच्या हातून ती निसटते. हा आक्षेप खरा आहे, आणि समीक्षेला नेमकी भाषा लागते हेही खरे. परंतु भाषेच्या चुकांसाठी थोडे गुण वेगळे ठेवावेत आणि ते आधी सांगावेत. उरलेल्या गुणांत एवढेच पाहावे की मूळ कृती वाचली आहे की केवळ बाजारातले मार्गदर्शक, मत स्वतःचे आहे का, आणि त्याला कृतीतला आधार दिला आहे का. घरात मराठी, बाजारात कानडी आणि शाळेत आणखी तिसरीच भाषा अशा वातावरणात वाढलेला विद्यार्थी पुष्कळदा शब्दाकडे जास्त सावधपणे पाहतो; ते पाहणे उत्तरात उतरले असेल तर त्याचे मोल व्हावे.

राहिली ती 54 ची उत्तरपत्रिका. ती पुन्हा वाचावी, असे सर्वच म्हणतात. माझीही हरकत नाही. पण त्याच बैठकीत 56 ची आणि 62 चीही पुन्हा वाचावी, नावे झाकून, दुसऱ्या परीक्षकाच्या हाती देऊन. फेरवाचनात 54 चे 57 झाले तर ते आनंदाने मांडावेत. आणि 56 चे 53 झाले, तर तेही मांडण्याची तयारी वाचावयास बसण्यापूर्वीच असली पाहिजे.