नेपिस

हित्ती भाषेत आकाशाला ‘नेपिस’ म्हणत. मातीच्या इष्टिकांवर लिहिलेल्या या भाषेचे कोडे बेद्रिख ह्रोझ्नी यांनी १९१५ मध्ये उलगडले, आणि अनातोलियाच्या पठारावरून हा शब्द, तीन सहस्रकांहून अधिक काळ मौनात काढून, आपल्या ‘नभस्’शेजारी येऊन उभा राहिला. दोघे एकाच इंडो-युरोपीय भाषाकुळातले. त्याच कुळातला ग्रीक ‘नेफोस’ मात्र ढगाला म्हणतात, लॅटिन ‘नेबुला’ धुक्याला; ऋग्वेदातल्या नभसालाही बाष्पाचा, मेघाचा ओलावा आहे. वर पाहणाऱ्या माणसाला आधी ढग दिसला असावा, आणि त्या ढगाचेच नाव पुढे साऱ्या अनंताला मिळाले असावे.

ही वाट आपल्या मराठीनेही, वेगळ्याच शब्दाचे बोट धरून, पुन्हा एकदा चालून काढली आहे. संस्कृतातल्या ‘अभ्रा’तून, म्हणजे मेघातून, आपले ‘आभाळ’ आले. ते भरून येते, गडगडते, फाटते तेव्हा मेघच असते, आणि आभाळाएवढे मन म्हणताना त्याला सीमाच उरत नाही. श्रावणाचे जुने वैदिक नाव ‘नभस्’ होते, हे आठवले की मला वाटते, अनंताची कल्पना माणसाला शून्यातून सुचली नसावी. ज्याची वाट पाहत मान वर करून उभे राहावे लागते, त्या पावसाने ती त्याला दिली असावी. हित्तींची शेतीही बव्हंशी कोरडवाहू. म्हणूनच त्यांचा थोर देव वादळाचा, आणि त्याचे बिरुद ‘नेपिसास’, नभाचा.

कुस्सराच्या अनित्ता राजाचा वृत्तांत इ.स.पू. १८व्या शतकातल्या घटनांचा. इंडो-युरोपीय भाषांतल्या प्राचीनतम लेखनात त्याची गणना होते. त्याच्या आरंभीच हा देव येतो, कुस्सराच्या राजावर प्रसन्न असलेला. हत्तुसा नगर जिंकून, उद्ध्वस्त करून, तिथे तण पेरून अनित्ता शाप देतो, की जो पुढे हे नगर वसवील त्याच्यावर नभाच्या देवाचा आघात होवो. पुढच्या हित्ती राजांनी नेमके तेच नगर वसवले, तिथे राजधानी केली, आणि हा शापही लेखनिकांकडून काळजीपूर्वक उतरवून घेतला. जिथे हत्तुसा होते त्या बोआझकोयच्या उत्खननात तो हत्तुसाच्याच इष्टिकांमध्ये सापडला. ज्या भिंतींवर आघात मागितला होता, त्याच भिंतींच्या आत कोणी तरुण लेखनिक ओल्या मातीवर ‘नेपिसास’ची अक्षरे गिरवत असेल, त्याच्या मनात त्या क्षणी भय होते की केवळ अक्षराची निष्ठा, हा प्रश्न मला राजांच्या विजयांहून अधिक मोलाचा वाटतो.