पितृऋण कोणीं फेडावें?

वृद्ध आईबापांची सेवा हा मुलांचा धर्म आहे, हें वाक्य आपल्या समाजांत इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरजच कोणास वाटत नाहीं. म्हणूनच सरकारनें आपल्या खर्चानें वृद्धांच्या घरीं माणूस पाठवावें, त्यानें त्यांना स्नान घालावें, औषध द्यावें, दोन घास भरवावे, अशी सूचना कोणी केली कीं सुशिक्षित कुटुंबांतूनहि पहिला उद्गार निघतो तो असा, कीं 'मग मुलें कशाला?' या उद्गाराच्या मुळाशीं खरें प्रेम असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हें पितृऋण नेमकें कोणाचें, आज तें कोण फेडीत आहे, आणि फेड होत असतां घेणेकऱ्याची मान ताठ राहते कीं खालीं जाते, हे तीन प्रश्न त्या उद्गारानें सुटत नाहींत. त्यांचाच थोडा विचार येथें करावयाचा आहे.

पितृसेवेचा विषय निघाला कीं मराठी मनापुढें पुंडलिक उभा राहतो. दारीं आलेल्या देवाला त्यानें वीट टाकून दिली आणि आपण आईबापांच्या सेवेंत राहिला. या कथेंतील एका गोष्टीकडे मात्र आपलें लक्ष सहसा जात नाहीं. पाय चेपणारे हात पुंडलिकाचे स्वतःचे होते. ती सेवा बायकोवर सोपवून तो देवाशीं बोलावयास उठला, असें कथा सांगत नाहीं. आतां आपल्या घरांकडे पाहावें. अंथरुणास खिळलेल्या सासऱ्यांची कूस बदलणें, सासूबाईंचें अंग पुसणें, रात्रीं दोनदां उठून भांडें देणें, ओल्या चादरी पहांटे धुऊन टाकणें, हीं कामें किती घरांत मुलगा आपल्या हातांनीं करतो? अपवाद आहेत, आणि ते वंदनीय आहेत. पण सामान्यतः कीर्ति मुलाची आणि कष्ट सुनेचे, अशीच वाटणी दिसते. ज्या धर्माचा उच्चार एकानें करावा आणि आचार दुसऱ्यानें, त्या धर्माचें पुण्य कोणाच्या पदरांत पडावें?

कायद्याकडे वळलों तरी तेंच दिसतें. आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयींचा कायदा आपल्याकडे २००७ सालीं झाला. मुलांनीं सांभाळलें नाहीं तर आईबापांना न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते, आणि निर्वाहाची रक्कम दरमहा १०,००० रुपयांपर्यंत ठरविण्याची त्यांत तरतूद आहे. त्या कायद्यांतील 'मुलें' या शब्दाच्या व्याख्येंत मुलगा, मुलगी, नातू व नात येतात. सून येत नाहीं. हें योग्यच आहे. पण जिच्यावर कायदा हें ऋण ठेवीत नाहीं, तिच्याच पाठीवर रूढि तें सबंध ठेवते. शिवाय या कायद्यानें देववितां येतो तो पैसा. पैशानें पथ्याचें सामान येईल. पाठीला जखमा पडूं नयेत म्हणून दर थोड्या वेळानें कूस बदलणारे हात येतीलच असें नाहीं. आणि पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करणें हें कोणाहि आईबापांच्या जिवावर येतें. उपाशी राहतील, पण कागदावर अंगठा उठविणार नाहींत.

हाच वाद जपानांत एका पिढीपूर्वीं झाला, आणि तेथील जुनी कुटुंबपद्धति आपल्या इतकी जवळची आहे कीं त्याचा वृत्तांत आपणांस घरचाच वाटावा. तेथेंहि म्हाताऱ्यांची सेवा थोरल्या मुलाच्या घरीं, म्हणजे थोरल्या सुनेच्या हातून होत असे. आदर्श सुनांचा जाहीर सत्कारहि होई. १९७२ सालीं सावाको आरियोशी या लेखिकेनें, नोकरी सांभाळून भ्रमिष्ट सासऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या एका सुनेवर कादंबरी लिहिली, आणि ती लाखों प्रतींनीं खपली. सत्काराखालीं काय झांकलें गेलें होतें तें वाचकांना तींत दिसलें. पुढच्याच वर्षीं, १९७३ सालीं, सरकारनें सत्तर वर्षांवरील वृद्धांचा औषधोपचार विनामूल्य केला. हेतु उत्तम होता. परिणाम विलक्षण झाला. घरीं सेवा करणारें कोणी नाहीं आणि रुग्णालयांत खाट फुकट मिळते, असें झाल्यावर ज्यांना डॉक्टरपेक्षां आधाराच्या हाताचीच गरज अधिक होती अशीं असंख्य म्हातारीं माणसें महिनेच्या महिने रुग्णालयांत पडून राहूं लागलीं. १९८३ पासून थोडें शुल्क घेण्यास आरंभ झाला, तरी खाटा कांहीं रिकाम्या झाल्या नाहींत. रोग नाहीं आणि तरी रुग्णालय सुटत नाहीं, अशी ती अवस्था होती.

अखेर १९९७ सालीं वृद्धसेवेच्या विम्याचा कायदा झाला व १ एप्रिल २००० पासून तो अमलांत आला. वयाच्या चाळिसाव्या वर्षापासून प्रत्येकानें त्यांत वर्गणी भरावयाची. सेवेच्या खर्चाचा निम्मा भाग या वर्गणींतून व निम्मा सरकारी करांतून भागवावयाचा. आणि सेवा घेणारानें साधारणपणें दहावा हिस्सा, मिळकत अधिक असल्यास त्याच्या दुप्पट-तिप्पट, द्यावयाचा. या वेळीं सत्तारूढ पक्षाचे वजनदार नेते शिझुका कामेई यांनीं आक्षेप घेतला कीं, मुलांनीं आईबापांना सांभाळण्याची सुंदर चाल यामुळें बिघडेल. म्हणजे आपल्याकडील 'मग मुलें कशाला?' हाच तो प्रश्न. दुसरा वाद रोख रकमेचा होता. जर्मनींत १९९५ पासून असाच विमा आहे, आणि तेथें सेवेऐवजीं पैसे घेण्याची मुभा आहे. जपानांतील अनेक स्त्रियांनीं याला विरोध केला. घरांत रोकड आली म्हणजे सुनेनें घरींच बसून सेवा करावी ही अपेक्षा अधिकच पक्की होईल, अशी त्यांना भीति होती. तें म्हणणें मान्य झालें, आणि घरीं पैसा न जातां माणूस जावें असें ठरलें.

आतां ही सेवा मिळते कशी तें पाहूं. कारण आमच्या मतें नीतीचा खरा कस येथेंच लागतो. अर्ज नगरपालिकेकडे द्यावयाचा असतो. तो वृद्धाच्या वतीनें घरच्यांनीं किंवा वस्तींतील साहाय्यकेंद्रानें दिला तरी चालतो. मग एक तपासनीस घरीं येऊन ७४ बाबींची चौकशी करतो. कूस बदलतां येते का, एका पायावर उभें राहतां येतें का, हातानें जेवतां येतें का, सध्यां ऋतु कोणता चालू आहे. डॉक्टरचें मत घेतलें जातें, तज्ज्ञांचें मंडळ निर्णय देतें, आणि साधारणतः ३० दिवसांत गरजेच्या सात पायऱ्यांपैकीं कोणती तें ठरावें असा नियम आहे. त्यानंतर एक जाणकार आठवड्याच्या सेवेचा आराखडा आंखून देतो. त्या आंखणीचें मूल्य वृद्धाकडून घेतलें जात नाहीं. जो अंथरुणावरून उठूं शकत नाहीं त्याच्यासाठीं स्नानाचा टबदेखील गाडींतून घरीं येतो. बहुधा तिघे जण असतात. त्यांतील परिचारिका आधीं ताप व रक्तदाब पाहते, मग टब खोलींतच मांडतात, आणि तें थकलेलें शरीर उचलून गळ्यापर्यंत ऊन पाण्यांत ठेवतात. महिनोन् महिने ज्याचें अंग केवळ ओल्या फडक्यानें पुसलें जात होतें, त्याला हें स्नान म्हणजे काय वाटत असेल, याची कल्पना प्रत्येकानें करावी.

त्या तपासनिसाच्या भेटींत एक गोष्ट मात्र वारंवार घडते, आणि ती कोणत्याहि देशांत घडेल. चार दिवसांपूर्वीं न्हाणीघरांत पडलेल्या आजी त्या दिवशीं ताठ बसतात. 'स्वयंपाक जमतो का?' 'जमतो कीं.' 'एकट्यानें चालतां येतें का?' 'येतें हो.' घरचीं माणसें एकमेकांकडे पाहत राहतात. हा खोटेपणा नव्हे, ही अब्रू आहे. जन्मभर दुसऱ्यांचें करून ज्यांनीं दिवस काढले, त्यांना परक्या माणसापुढें आपल्या असहायतेची यादी वाचून दाखवावी लागणें हीच मोठी शिक्षा वाटते. यास्तव चांगला तपासनीस घरच्यांशींहि बोलतो, आणि एका दिवसाच्या ताठपणावर निकाल देत नाहीं.

येथें मूळ प्रश्न उभा राहतो. ही सेवा दान आहे कीं ऋणाची फेड? दान असेल तर मागणारानें नम्र व्हावें, पात्रता सिद्ध करावी, मिळेल तें घ्यावें. पण ऋणाची फेड असेल तर रीत उलटी होते. तेथें धनकोनें ऋणकोच्या दारीं खेटे घालावयाचे नसतात. आमच्या मतें ही फेडच आहे. ज्या शिक्षकानें तीस वर्षें दुसऱ्यांचीं मुलें शिकविलीं, त्याला स्वतःचें मूल नसेल, तर त्याचें ऋण कोणावरच नाहीं काय? ज्या परिचारिकेच्या हातून शेंकडों बालकें जगांत आलीं, ती अविवाहित राहिली म्हणून तिचें म्हातारपण वाऱ्यावर सोडावयाचें काय? मागील पिढीनें बांधलेले रस्ते, भरलेले कर, चालविलेल्या शाळा यांचा उपभोग आपण सर्व घेतों. तो केवळ आपापल्या आईबापांकडून घेतलेला नसतो. आपल्या तर्पणविधींतहि ज्यांना आप्त नाहींत, गोत्रज नाहींत, अशांसाठीं पाणी सोडण्याची चाल आहे. मेलेल्यांच्या बाबतींत जें औदार्य आपल्या पूर्वजांना सुचलें, तें जिवंतांच्या बाबतींत आपणांस अधर्म कां वाटावें?

फेड म्हटली म्हणजे ती वेळेवर व्हावी लागते. ऑस्ट्रेलियांत आज अनेक मराठी कुटुंबें स्थायिक आहेत, आणि त्यांच्यापैकीं कित्येकांचे आईबापहि तेथेंच वृद्ध होत आहेत. म्हणून तेथील अनुभव आपणांस परका नाहीं. तेथें घरपोंच वृद्धसेवेची सरकारी योजना पुष्कळ वर्षांपासून आहे. तरी २०१८ सालीं नेमलेल्या शाही चौकशी आयोगानें दाखवून दिलें कीं, जून २०१८ अखेरच्या एका वर्षांत १६,००० हून अधिक वृद्ध, सेवेस पात्र ठरूनहि, तिची वाट पाहतांना मरण पावले. आयोगानें २०१९ सालच्या आपल्या अंतरिम अहवालाला 'उपेक्षा' हेंच नांव दिलें. त्यानंतर झालेला नवा कायदा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यांत वृद्धांच्या हक्कांची यादी आहे, आणि घरीं येणाऱ्या परिचारिकेचा खर्च सबंध सरकारकडे आहे. पण यादी झाली म्हणून रांग आपोआप संपत नाहीं. दूरध्वनीवर वाट पाहणें, इंग्रजी प्रश्नांना उत्तरें देणें, कागद जपून ठेवणें हीं सशक्तांचीं कामें आहेत, आणि ज्याला तीं करतां येतात त्यालाच सेवेची गरज सर्वांत कमी असते. मुलगा दुभाषी होऊन शेजारीं बसला तर आई लघवी आंवरत नाहीं हें त्याच्या तोंडून कसें सांगवील? सरकारनें दिलेला परका दुभाषी अशा वेळीं पोटच्या मुलापेक्षां उपयोगी पडतो. जो हक्क बजावण्यास बळ लागतें, तो दुर्बळांचा हक्क म्हणतां येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, परक्या हातांची सवय लागली म्हणजे घरांतील माया आटेल. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आईला आठवड्यांतून तीनदां बाई येते, एवढ्यावर समाधान मानून महिनोन् महिने न फिरकणारीं मुलें निघतील. तशीं तीं आजहि आहेत. परंतु रात्रंदिवस एकटीनें सेवा करून जी सून चिडली आहे, जिची झोंप वर्षभर पुरी झालेली नाहीं, तिच्या हातून माया पाझरेल ही अपेक्षा तरी न्याय्य आहे काय? कष्टाचा भार वांटला गेला तर मायेला उसंत मिळते. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. घरीं येणारी ती सेविकाहि बहुधा कोणाची तरी सून असते, आणि तिचें वेतन तुटपुंजें असतें. जपानांत २०२४ सालीं घरपोंच सेवेचे मूळ दरच कमी केले गेले, आणि तेथें सेविकांची टंचाई तर मोठी आहे. आपल्या शहरांतून ब्यूरोमार्फत येणाऱ्या बायांची स्थिति वाचकांस ठाऊक आहेच. एका सुनेच्या पाठीवरचें ओझें दुसरीच्या पाठीवर स्वस्तांत टाकणें याला ऋणमुक्ति म्हणतां येणार नाहीं. सेवेचें मोल चुकतें केल्यावांचून पितृऋण फिटत नाहीं.

आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदांत वार्धक्यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. मात्र तो राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत, आणि न्यायालयांतून मागतां न येणारा. २०२४ सालीं केंद्र सरकारनें सत्तर वर्षांवरील सर्वांना रुग्णालयांतील उपचारांसाठीं वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण दिलें. तें स्वागतार्हच आहे; पण खाटेचा खर्च मिळतो आणि घरच्या हाताचा मिळत नाहीं, ही जपानच्या १९७३ सालची वाट आहे, हें विसरूं नये. इतकें धन आपल्याजवळ नाहीं, हें उत्तरहि पुरेसें नाहीं. केरळ राज्यानें २००८ सालीं वेदनाशमन व शुश्रूषेचें धोरण ठरविलें, आणि तेव्हांपासून तेथील ग्रामपंचायतींच्या साहाय्यानें परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरीं जातात. ती यादी ठेवते पंचायत; रुग्णानें कचेरीच्या पायऱ्या चढावयाच्या नसतात. महाराष्ट्रांतील गांवांना हें अशक्य आहे असें म्हणण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं.

'मग मुलें कशाला?' या प्रश्नाला आमचें उत्तर साधें आहे. सरकारी सेविका स्नान घालील, पट्टी बांधील, औषधाची वेळ पाळील. पण ती गेल्यावर जवळ बसून जुन्या घराची, गेलेल्या माणसांची गोष्ट दहाव्यांदा ऐकणें तिला जमणार नाहीं. तें काम मुलांचें आहे, आणि तें सुनेवर किंवा सरकारवर सोपवितां येत नाहीं. आणि ज्यांना स्वतःच्या हातांनीं पाय चेपावयाचे असतील, त्यांना पुंडलिकाप्रमाणें तें करण्यास कोणतेंहि सरकार आडवें येणार नाहीं.