पोटगीचे ऋण आणि दुसरे घर

भरत हे नाव कसे पडले याची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. पाठशाळेत आम्हांस ती शिकविली तेव्हा गुरुजी कथेपेक्षा धातूवरच अधिक वेळ थांबले होते. दुष्यंत राजाने भरसभेत शकुंतलेला ओळख दिली नाही, तिच्या हाताला धरून उभ्या असलेल्या पोरालाही नाकारले. तेव्हा आकाशवाणी झाली की, राजा, हा तुझाच मुलगा आहे, याचे भरण तू कर. देवांनी भरण करावयास सांगितले म्हणून पोराचे नाव भरत. धातू 'भृ', म्हणजे पोसणे, सांभाळणे. भर्ता आणि भार्या हे शब्दही त्यातलेच. पुढे राजा म्हणतो की मला सर्व ठाऊक होते, केवळ लोकांची खात्री पटावी म्हणून मी थांबलो होतो. हे उत्तर आम्हांस तेव्हाही पटले नव्हते, आज तर मुळीच पटत नाही. परंतु हरिभक्त हो, गंमत पाहा. ज्याच्या नावाने या देशाला आपण भारत म्हणतो, त्याच्या नावाच्या मुळाशी पोटगीची एक तक्रार आहे. बापाने हात झटकले, आईने दाद मागितली आणि निकाल पोराच्या बाजूने लागला.

आपला मराठी शब्द तर याहून उघडा. पोटासाठी द्यावयाची ती पोटगी. कुणाच्या पोटासाठी, हे विसरले की सगळा घोळ सुरू होतो.

भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील करडी येथे सप्ताहाच्या निमित्ताने आमचे जाणे झाले होते. रोवणी आटोपलेली, बांध्यांतून पाणी भरलेले, त्यामुळे मंडळींना जरा उसंत होती. रात्रीचे कीर्तन संपल्यावर एक गृहस्थ जवळ येऊन बसला. गळ्यात माळ, वय चाळिशीच्या आतले.

"महाराज, एक पुसू का?"

"पूस ना, बापू."

"आमची सोडचिठ्ठी झाली. तिनं दुसरं लगन केलं. पोरगं तिच्यासंगं गेलं. मलेही आता दुसऱ्या घरची दोन लेकरं हायेत. मंग त्या पोराचे पैसे मी काहून भरू? ज्याच्या घरी जेवते त्यानं पाहावं."

हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. गावोगाव आम्हांस तो कुणी ना कुणी विचारतो. कधी बाप विचारतो, कधी आई, कधी मुलीचा म्हातारा बाप. आमचे काही कथेकरी बंधू यावर कलियुगाच्या नावाने खडे फोडून मोकळे होतात. ते आम्हांस पटत नाही. काडीमोड, पाट, मोहतूर ही विदर्भातील अनेक जातींची जुनी रीत आहे. बाईने दुसरे घर केले म्हणजे आकाश कोसळले, असे आपल्या आजोबा-पणजोबांनीही कधी मानले नाही. घर मोडते, दुसरे बसते. मधल्या पोराचा वाटा कोणाकडे, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि तो पंचांपुढेही होता नि न्यायाधीशापुढेही आहे.

त्या गृहस्थाच्या म्हणण्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधलेल्या होत्या. घटस्फोटित पत्नीची पोटगी वेगळी आणि मुलाची वेगळी. पत्नीने पुन्हा लग्न केले तर तिची स्वतःची पोटगी थांबू शकते. कायदा तसे म्हणतो आणि त्यात अन्याय नाही, कारण तिच्या भरणाचा भार आता दुसऱ्याने स्वीकारला. परंतु मुलाने कुठे दुसरा बाप केला? त्याचा हक्क आईच्या कपाळावरच्या कुंकवाला बांधलेला नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात हे होते. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आले आहे. औरस असो, अनौरस असो, लहान मुलाला पोसण्याची ऐपत असूनही जो पोसत नाही, त्याला मासिक रक्कम देण्याचा हुकूम होतो. हिंदूंपुरता १९५६ चा दत्तक व निर्वाह कायदाही हेच सांगतो आणि तो आई व बाप दोघांनाही बांधतो. मूल सज्ञान होईपर्यंत. आणि मुलगी अविवाहित असून तिला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर त्यानंतरही.

कित्येकदा सोडचिठ्ठीच्या कागदावर बाई लिहून देते की मला काही नको, पोराचेही नको. सुटका व्हावी म्हणून बिचारी लिहिते. पण पोराचा हक्क तिचा नव्हेच. जे आपले नाही ते सोडून देता येत नाही.

आता नव्या नवऱ्याची गोष्ट. ज्याच्या घरी जेवते त्यानं पाहावं, हे वाक्य ऐकायला सरळ वाटते. दुसरा नवरा भला असेल तर पोराच्या ताटात भात वाढतोच, आणि त्याचे पुण्य त्याला लागते. पण ते त्याचे दान आहे, देणे नव्हे. कायद्याने सावत्र बापावर तो भार टाकलेला नाही. त्याने दान केले म्हणून पहिल्या बापाचे ऋण फिटत नाही. शेजाऱ्याने आपल्या बैलाला पेंढी टाकली म्हणून आपण बैल उपाशी ठेवायला मोकळे होतो काय? एकच वाट आहे. दुसऱ्या नवऱ्याने विधिपूर्वक त्या पोराला दत्तक घ्यावे आणि जन्मदात्याने त्यास संमती द्यावी. मग जुने नाते तुटते, त्याबरोबर भारही जातो. आम्ही त्या गृहस्थाला विचारले, "देतोस का दत्तक?" तो गप्प झाला, मग म्हणाला, "नाही महाराज, आमच्या वंशाचं हाय थे." म्हणजे वंश आपला, नाव आपले, आणि भात मात्र दुसऱ्याचा! असे विचारले की बहुतेक बाप इथेच अडखळतात, हा आमचा अनुभव आहे.

तथापि त्याच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती, ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. दुसऱ्या घरची दोन लेकरे. त्यांचा काय गुन्हा? पहिल्या पोराला पोसायचे म्हणून यांना उपाशी ठेवावे असे कोणते शास्त्र सांगते? कोणतेच सांगत नाही. मनूच्या नावावर एक वचन मिताक्षरेत आले आहे. त्याचा आशय असा की वृद्ध आईबाप, साध्वी पत्नी आणि तान्हे मूल यांच्या पोषणापुढे बाकीचे विधिनिषेध मागे सरतात. त्या वचनात पहिल्या घरचे मूल नि दुसऱ्या घरचे मूल असा भेद नाही. भेद नाही म्हणजे दोन्हीकडून नाही. दुसऱ्या घरचे असल्याने वाटा बुडत नाही, आणि पहिल्या घरचे असल्यानेही बुडत नाही.

न्यायालयेही साधारण याच वाटेने जातात. २०१७ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण होते. कलकत्ता उच्च न्यायालयाने पहिली पत्नी व मुलगा यांच्यासाठी महिना २३,००० रुपये ठरविले होते. नवऱ्याने दुसरे लग्न केले होते, त्यापासून एक मूलही झाले होते. ते लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने रक्कम २०,००० केली. ध्यानात घ्या, कमी केली, पुसली नाही. विलायतेत तर याचे कोष्टकच करून ठेवले आहे. बापाच्या नव्या घरात एक मूल असेल तर त्याच्या मिळकतीतून आधी शेकडा ११ वजा करतात, दोन असतील तर १४, तीन किंवा अधिक असतील तर १६. उरलेल्या रकमेवर पहिल्या घरच्या एका मुलासाठी शेकडा १२ हा साधारण दर आहे. नव्या जोडीदाराची कमाई हिशेबात धरत नाहीत. हेच गणित आपल्या समजुतीसाठी रुपयांत मांडू. महिना २४,००० मिळविणाऱ्याला नवी लेकरे नसती तर २,८८० रुपये द्यावे लागले असते; दोन असल्यामुळे सुमारे २,४८० द्यावे लागतील. फरक चारशेचा. आमच्या त्या गृहस्थाला तो फरक सगळ्याचा वाटत होता!

आपल्याकडे असे कोष्टक नाही आणि नाही ते बरेच, असे आम्ही समजतो. पगारदाराची गोष्ट वेगळी. धानाच्या बांधीवर जगणाऱ्याची मिळकत महिन्यात कशी मोजावी? एक वर्ष भरले, एक वर्ष तुडतुड्याने खाल्ले. न्यायाधीशाला माणूस पाहूनच ठरवावे लागते. पण माणूस खरे सांगेल तर ना! या बाबतीत महत्त्वाचा निकाल आपल्या विदर्भातूनच वर गेलेल्या खटल्यात झाला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१५ साली पत्नीला महिना १५,००० आणि मुलाला आधी ५,००० व १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० असे अंतरिम ठरविले. ते प्रकरण दिल्लीपर्यंत पोचले, आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा व न्या. सुभाष रेड्डी यांनी देशभराच्या न्यायालयांसाठी नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता, कर्ज आणि आपल्यावर अवलंबून असलेली माणसे शपथेवर लिहून द्यावीत. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषध, शिक्षण हे सारे धरावे. शिक्षणाचा खर्च सामान्यतः बापाचा. आई पुरेसे मिळवीत असेल तर दोघांनी मिळकतीच्या प्रमाणात वाटून घ्यावा.

शपथेवर लिहून द्यावयाचे, इथे खरी परीक्षा आहे. शेत रातोरात भावाच्या नावावर चढते, दुकान सासऱ्याचे होते, ट्रॅक्टर मित्राचा. आणि हे करणारा माणूस आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेत उभा असतो. कठोर बोललो असे कुणास वाटेल. वाटो.

विठ्ठलपंतांची कथा आपण प्रत्येक सप्ताहात सांगतो. संसार सोडून काशीस जाणे, संन्यास, गुरूंच्या आज्ञेने परतणे, पुन्हा संसार, चार मुले, आणि ब्रह्मवृंदाने सांगितलेले देहान्त प्रायश्चित्त. आम्हीही ती चाळीस वर्षे सांगत आलो. श्रोते आईबापांच्या त्यागाला रडतात. परंतु ती दोघे निघून गेल्यानंतरच्या सकाळी त्या चार लेकरांना कोणी जेवू घातले, हे कीर्तनात कोणी विचारत नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि सगळ्यांत धाकटी मुक्ताई. मोठ्यांनी काय करावे नि काय करू नये यावर पंडितांनी केवढी शास्त्रचर्चा केली. भिक्षेची झोळी मात्र पोरांच्या खांद्यावर आली. पुढे शुद्धिपत्रासाठी आळंदीहून पैठणापर्यंत पायी जावे लागले तेही पोरांनाच. ती माउली होती म्हणून त्यातून अमृत निघाले. सामान्य पोराच्या वाट्याला यातून काय येते ते आपण बाजारात, हॉटेलात कपबशा विसळताना पाहतोच.

मग त्या गृहस्थाने हळूच आणखी एक सांगितले. सप्ताहातली एक पंगत त्याच्या नावावर होती. पावती फाडली होती, पाटीवर नाव लागले होते. आणि पोराचे सात महिन्यांचे पैसे थकले होते. आम्ही त्याला म्हटले, "बापू, ही पंगत तुझी नव्हे, त्या पोराची आहे. तू नाव चुकीचं लावलंस." दान हे स्वतःच्या धनाचे करावयाचे असते, ज्यावर दुसऱ्याचा हक्क चढला ते धन आपले राहत नाही, मग त्याचे अन्नदान कसे होणार? सप्ताह कमिट्यांनी याचा विचार करावा असे आमचे मत आहे. पंगतीला यजमान कमी पडले तर एक भाजी कमी करावी.

"पोराचं तोंडही दिसू देत नाही ना महाराज," तो म्हणाला. हे दुःख खरे आहे, आणि ज्या आया असे करतात त्या पोराचाच तोटा करतात. पण भेटीसाठी न्यायालयात वेगळा अर्ज करता येतो. भेट मिळत नाही म्हणून भाकरी अडवून ठेवली तर उपाशी राहते ते पोर, आई नव्हे.

ज्यांची मिळकत खरोखर घटली, आजार आला, नवे मूल झाले, त्यांनी पैसे देणे परस्पर बंद करू नये. परिस्थिती बदलली म्हणून रक्कम बदलून मागण्याची सोय त्याच संहितेच्या १४६ व्या कलमात आहे. हुकूम कायम असता जो देत नाही, त्याला वसुलीचे वॉरंट लागू होते, आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. मागणाऱ्या आयांनीही एक ध्यानात ठेवावे: या मार्गाने वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, पुढे तो मार्ग बंद होतो. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नये. स्त्रिया व मुले यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात जाऊन विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज दिला तरी चालतो.