शब्बाथाच्या दिवशी धावणारे

देवाची आज्ञा आणि माणसाचा जीव ह्यांपैकी एकच राखता येणार असेल, तर श्रद्धावंताने काय राखावे? प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटतो. परंतु काही माणसांना तो जेवणाच्या पानावरून उठवतो.

न्यू यॉर्कमधील ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग वस्तीत सनातनी ज्यूंनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘हत्झाला’ ही सेवा सुरू केली. ह्या हिब्रू शब्दाचा अर्थ बचाव. रब्बी हर्शेल वेबर हे तिचे प्रवर्तक. रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे वाया जाऊ नयेत म्हणून वस्तीतीलच सर्वसामान्य माणसे प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण घेतात आणि हाक येताच हातचे काम टाकून विनामोबदला धावतात.

हे लोक शब्बाथ काटेकोरपणे पाळणारे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत ते वाहन चालवीत नाहीत, दिवाही लावीत नाहीत. आपल्या कोकणातील बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत. म्हणूनच गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तरीही त्या दिवशी हाक आली, की हत्झालाचे स्वयंसेवक गाडी काढतात.

ही नियमातून काढलेली पळवाट आहे काय? मुळीच नाही. जीव धोक्यात असल्याची नुसती शंका असली तरी शब्बाथ बाजूला सारावा, असे रब्बींच्या मिश्ना ह्या ग्रंथात सांगितले आहे. बाराव्या शतकातील धर्मपंडित मायमोनिडीस ह्यांनी तर असे लिहिले की, हे काम मुलांवर वा परक्यांवर ढकलू नये; समाजातील थोर व विद्वान माणसांनी ते स्वतः करावे. जीव वाचवणे ही नाइलाजाने दिलेली सवलत नव्हे, ते आज्ञापालनच होय, हाच त्याचा अर्थ.

मिश्नातील आणखी एक तरतूद पाहण्यासारखी आहे. शब्बाथाच्या दिवशी सुईण किंवा आगीतून, पुरातून लोकांना वाचवणारे मर्यादेपलीकडच्या गावी गेले, तर त्यांना दिवसभर जागचे हलता येत नसे. वडील गमलिएल ह्यांनी त्यांना तेथील रहिवाशांप्रमाणे चौफेर दोन हजार हात फिरण्याची मुभा दिली. हे गमलिएल म्हणजे संत पौलाचे गुरू. धावून जाणाऱ्याची कोंडी झाली, तर पुढच्या वेळी त्याचे पाऊल उंबरठ्यावर अडखळेल, हे त्यांनी ओळखले असावे.

आपल्या प्रवचनांतून ज्यू माणूस पुष्कळदा नियमांचा गुलाम म्हणून उभा केला जातो. हा अन्याय आहे. वाळलेल्या हाताच्या माणसावरून झालेला वाद दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकणाऱ्या दुखण्याविषयीचा होता. प्रभू येशूने दयेची कक्षा तेथवर रुंदावली. पण जीव जात असता शब्बाथाने वाट द्यावी, ह्याविषयी ह्या परंपरेचे आणि प्रभूचे एकमत आहे.

आता आपल्याकडे वळू. मुक्ताईनगरवरून सुरत–नागपूर महामार्ग जातो. अशा रस्त्यावर अपघात झाला, की गर्दी जमते, परंतु हात पुढे येत नाहीत. “पोलिसांचा ससेमिरा कोण मागे लावून घेणार?” असे म्हटले जाते. वास्तविक २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याला स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती नाही. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही आहे. कायदा आपल्यासाठी बाजूला सरला आहे. आता आपल्याला अडवते ती आपली भीती आणि आपले अज्ञान.

भीतीवर प्रार्थना करता येते. अज्ञानावर मात्र शिकावेच लागते. दाखल्यातील शोमरोनी मनुष्याजवळ तेल व द्राक्षारस होता, म्हणून त्याची करुणा जखमेपर्यंत पोहोचली. रक्तस्राव कसा थांबवावा, बंद पडलेल्या हृदयासाठी छाती कशी दाबावी, हे प्रत्येक धर्मग्रामातील निदान चार तरुणांना यावयास नको काय? आणि रविवारी मिस्सेला निघालेले कुटुंब वाटेत जखमीसाठी थांबले, त्याला रुग्णालयात नेता नेता मिस्सा चुकली, तर त्याने मनात अपराध बाळगू नये. त्या कुटुंबाने प्रभूचा दिवस पाळलाच आहे.